आव्याची वही: सुगडं पाचशे, माठ बारा

२ नोव्हेंबर २०२५

परसातला पत्रा आज बाजूला काढला. खाली आजोबांचं मडकी घडायचं चाक. सहा वर्षं त्याला कुणी हात लावलेला नाही. वर कोंबड्यांची घाण, मधल्या खुंटीला गंज. काकूनं दोन बादल्या पाणी ओतून धुतलं आणि म्हणाली, "फिरतंय का बग आधी, मग वही काढ."

वही मात्र मी आधीच काढली होती. कुपवाडच्या एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंगला आहे, पंधरा वर्षं शिफ्टची डायरी लिहितोय. लिहिल्याशिवाय काम केल्यासारखं वाटत नाही.

कारणही लिहून ठेवतो. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा घरात नवरात्राचे घट वाळत होते, तीनेकशे. भाजायचे राहिले होते. आम्ही माणसं आणि म्हशी घेऊन बाहेर पडलो. नवव्या दिवशी परत आलो तर फळ्यांवर घट नव्हते, फळ्यांखाली चिखल होता. ज्या चिखलातून केले तोच चिखल. आणि जुने भाजलेले माठ? ते तरंगत जाऊन शेजारच्या पेरूत अडकलेले, एकाचा टवकाही उडालेला नाही. तात्यांनी त्या आठवड्यात चाकावर पत्रा टाकला तो आजपर्यंत.

तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय की खोट भाजण्यात आहे. मी रोज चौदाशे अंशाच्या आसपासचं ओतीव लोखंड बघतो आणि आमच्या घरचा आवा, म्हणजे मडकी भाजायचा ढीग, मात्र शेणीवर (गोवऱ्यांवर) धुमसतो. कडक भाजायचं, दगडासारखं. संक्रांतीला पाचशे सुगडं (आमच्या भागात खणही म्हणतात) आणि उन्हाळ्यासाठी बारा माठ. सगळं खणखणीत.

तात्या चुलते, वय ७४. गुडघे गेलेत, हात शाबूत आहेत. "बारा माठ?" एवढंच म्हणाले. पुढं बोलले नाहीत.

५ नोव्हेंबर

माती आली, एक ट्रॉली, १५०० रुपये. निम्मी रानातली काळी चिकण, निम्मा नदीकडचा पोयटा. तात्यांचं म्हणणं, नुसती काळी भेगाळते, नुसता पोयटा उभा राहत नाही. दोघांचं लग्न लावायचं.

काळ्या मातीचा स्वभाव मला फौंड्रीमुळं आयता कळला. आम्ही साच्याच्या वाळूत बेंटोनाइट घालतो, चिकटपणासाठी. त्यात जे खनिज मुख्य असतं, माँटमोरिलोनाइट, तेच आपल्या काळ्या रानात भरलेलं आहे. पाणी पिऊन फुगतं, वाळलं की आकसतं. एप्रिलमध्ये रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या त्यामुळंच. कपाशीला हा गुण चालतो, माठाला नाही.

चुनखडीची तपासणी केली. बॅटरीच्या दुकानातून ॲसिड आणायचं म्हणत होतो, हिनं लिंबू दिलं. पोयट्यावर पिळलं तर काही नाही, काळीवर दोनतीन ठिकाणी बारीक बुडबुडे. म्हणजे खडे आहेत. काकूनं तेवढ्यात काळीची चिमूट तोंडात टाकली, दाताखाली फिरवली, थुंकली. "खर हाय. दोनदा गाळाय लागंल." लिंबू वाया गेलं म्हणून आमटीत पिळलं.

९ नोव्हेंबर

भिजत घालून तीन दिवस झाले. आज गाळली. माझ्या घाईनं एकदाच, गव्हाच्या चाळणीनं. (ही ओळ नंतर अधोरेखित केली आहे.)

राख आमच्या चुलीतली. घोड्याची लीद मिरजेहून, लग्नाच्या वरातीत घोडे लावणाऱ्या एका माणसाकडून दोन पोती फुकट. पोरगी अनू, सातवीला आहे, ती नाक दाबून विचारत होती की मातीत हे कशाला. मला उत्तर येत होतं म्हणून जरा मिजाशीत सांगितलं: लिदीत गवताचे चिरलेले तंतू असतात. ओल्या मातीला ते धरून ठेवतात, वाळताना चीर पळत जाऊ देत नाहीत, आणि आव्यात जळून गेले की मागं त्यांच्या आकाराच्या बारीक नळ्या राहतात. त्यातून पाणी झिरपतं.

"म्हणजे माठाला भोकं पाडायची?"

हो म्हणालो. हे मी माझ्या तोंडानं म्हणालो होतो आणि तरी महिनाभर मला काही उमगलं नाही.

१४ नोव्हेंबर

आटण्याची चाचणी. मातीच्या पट्ट्या थापल्या, प्रत्येकीवर खिळ्यानं बरोबर १० सेंटीमीटरची रेघ ओढली, सावलीत ठेवल्या. आज मोजल्या.

नुसती काळी ८.७, दोन ठिकाणी तडकली. नुसता पोयटा ९.५, पण कोपरा बोटानं चुरला. निम्मंनिम्मं, राख आणि लीद घालून, ९.२. पट्टी सरळ. तिसरीच घ्यायची. तात्यांनी पट्ट्यांकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी मळलेल्या मातीची वळी करून बोटाभोवती गुंडाळली, बाहेरच्या अंगाला चीर पडली नाही, झालं त्यांचं.

पायानं मळायला अनू आणि तिच्या दोन मैत्रिणी. एक तास. पाय गार पडले म्हणून पळाल्या. उरलेली मी आणि काकूनं.

१६ ते २३ नोव्हेंबर

सेकंड शिफ्ट होती, म्हणून सकाळी चाक.

पहिल्या दिवशी माझी अकरा सुगडं, त्यातलं एक ठेवण्यासारखं. तात्यांची पस्तीस, पस्तिसातली पस्तीस. माझ्या हाताला माती मध्यावर बसत नाही. चाक फिरताना गोळा एका अंगाला जातो, मी जोर लावतो, तो दुसऱ्या अंगाला जातो. तात्या म्हणाले, "ढकलू नगंस. हात थांबव. माती येती आपण हून."

एक सुगड कसं होतं ते लिहितो, कारण त्याला जेमतेम अर्धा मिनिट लागतो आणि बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. चाकाच्या कडेच्या खाचेत काठी अडकवून सात-आठ गरके. काठी बाजूला. मोठ्या गोळ्याच्या शेंड्यावर दोन्ही तळहात, त्यातला लिंबाएवढाच भाग मध्यावर आणायचा. अंगठा आत. आतला अंगठा आणि बाहेरचं बोट, यांच्यामधून भिंत वर येते. तोंडाशी आल्यावर ओल्या चिंधीनं एक फेरी, कड गोल. मग तर्जनीनं मान जरा आवळायची. शेवटी दोरा. तात्या दोऱ्याचं एक टोक तोंडाच्या कोपऱ्यात धरतात, दुसरं फिरत्या चाकावर सोडतात. दोरा स्वतःच बुडाभोवती एक वळसा घेतो, त्याच क्षणी ओढायचा. सुगड सुटतं आणि चाक अजून फिरतंच असतं. मी दोरा ओढायला उशीर केला की दोन वळसे पडतात आणि बुडाशी जिना तयार होतो.

मी विजेच्या चाकाचं काढलं. खादी आणि ग्रामोद्योग आयोग २०१८ पासून कुंभारांना विजेची चाकं देतोय, वेग पायानं कमीजास्त करता येतो. तात्यांना ते चाक माहीत आहे, पाहुण्यांकडं फिरवूनही बघितलंय. वाईट नाही म्हणाले. पण त्यांचं एक निरीक्षण मला पटलं: काठीचं चाक आपोआप मंद होत जातं. सुरुवातीला माती मध्यावर आणायला वेग लागतो, शेवटी कड घ्यायला नको असतो. चाक दमतं तसं भांडं पुरं होतं. विजेच्या चाकाला दम लागत नाही, मग माणूस भांड्याला उगाच हात लावत बसतो.

तरी त्यांच्या जागी मी असतो तर विजेचंच घेतलं असतं. माझे गुडघे मला हवे आहेत.

२५ नोव्हेंबर

माठ. हे चाकावर अर्धंच होतं. तोंड, मान आणि खांदे चाकावर घडतात. खालचं अंग जाड आणि बिनबुडाचं राहतं, ओबडधोबड. दोन दिवस जरा आवळू द्यायचं. मग आतून गोल दगड धरायचा, बाहेरून लाकडी थापटणं मारायचं, आणि हातातलं भांडं कणाकणानं फिरवत जायचं. माती पसरते, भिंत पातळ होते, पोट सुटतं, आणि शेवटी बूड मिटतं. सुरुवातीला भिंत माझ्या करंगळीएवढी होती, बारा मिलिमीटर. संपताना सहा.

दगड आणि थापटणं समोरासमोर यायला हवेत, मध्ये फक्त माती. तात्यांना आतला दगड दिसत नाही, कुणालाच दिसत नाही. ते आवाजावर मारतात. दगड बरोबर मागं असेल तर "थप", सरकला असेल तर "धप". "धप" झालं की तिथं खड्डा.

माझा पहिला माठ तिसऱ्या "धप"ला मिटला. सहा तात्यांनी केले, काकूनं चार पुरे केले. बारा होत नाहीत. दहा.

३० नोव्हेंबर

वाळत आहेत. ढगाळ. लिहिण्यासारखं काही नाही. सकाळी आत, दुपारी बाहेर, परत आत. गेरू लावून झाला.

७ डिसेंबर

पहिला आवा. माझ्या पद्धतीनं.

हे नीट लिहितो कारण वाट लागली.

आत १२० सुगडं आणि ४ माठ. भोवती विटांची भिंत रचली, कंबरेएवढी. जळणाला शेणी कमी, लाकूड जास्त: जुनी पॅलेटची लाकडं, ९०० रुपये. आणि खालून पाइप घालून लोहाराच्या भात्याचा इलेक्ट्रिक ब्लोअर. तात्यांनी ब्लोअर बघितला आणि खाट उचलून अंगणात गेले. तिकडं तोंड करून बसले.

तपमान मोजायला यंत्र नाही, पण वितळबिंदू आहेत. लहान पणत्यांत तीन गोष्टी घातल्या: ॲल्युमिनियमची तार (६६० अंशाला वितळते), खडेमीठ (८०१) आणि पितळेचा तुकडा (मिश्रणाप्रमाणं ९०० ते ९४०). प्रत्येक पणतीवर झाकण. एक जोड तळाला, एक मध्ये, एक वरच्या कडेला. जोसाया वेजवुड या इंग्रज कुंभारानं १७८२ मध्ये मातीचे तुकडे भट्टीत किती आटतात त्यावरून उष्णता मोजायचं साधन काढलं होतं. त्याच्याकडं थर्मामीटर नव्हता, माझ्याकडं पैसे नाहीत.

दुपारी चारला पेटवला. साडेचारला पहिला फटाका. आतला. मग दुसरा, मग मोजणं सोडलं. वाळलेल्या मातीतही पाणी असतं. ते हळू निघायला हवं, भराभर तापलं तर आतल्या आत वाफ होते आणि भांडं फोडून बाहेर पडते. हे मला माहीत होतं. साच्यात ओल राहिली तर ओतकामात हेच होतं, आणि त्यासाठी मी पोरांना शिव्या घालतो.

काकू दारात उभी राहून एकेक आवाजाला "एक पणती, एक सुगड" असं काहीतरी पुटपुटत होती. हिनं तिला आत नेलं.

८ डिसेंबर

उघडला. फुटली ४१. उरली ७९. माठ चारांतले दोन.

तळाला पितळ वितळून चपटं झालं होतं, म्हणजे नऊशेच्या वर. मध्ये मीठ वितळलं, पितळ तसंच. वरच्या कडेला ॲल्युमिनियमचा मणी झालेला, मीठ कोरडं. एकाच आव्यात वर-खाली शंभर ते अडीचशे अंशांचा फरक. तळातली सुगडं काळपट तांबडी, दोनचार वाकडी. पण आवाज! बोटाच्या पेरानं मारलं की घंटेसारखा. दोन्ही माठही तळातलेच. मी तात्यांच्या कानाजवळ नेऊन वाजवला.

"मंदिरात टांग," म्हणाले.

१२ डिसेंबर

दोन गोष्टी.

पहिली: उरलेल्या ७९ मधली २२ सुगडं चार दिवसांत आपोआप उकलली. अंगावर मुगाएवढे खड्डे, प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका. चुनखडी. आठशेच्या पुढं चुनखडीचा कळीचा चुना होतो, मग तो हवेतली ओल ओढतो, फुगतो आणि वरची माती उडवतो. आव्यात दोष दिसतच नाही. काकूनं दोनदा गाळ म्हणून सांगितलं होतं. शिल्लक ५७.

दुसरी: माठाची परीक्षा. माझा कडक भाजलेला एक, आणि शेजारच्या वहिनींचा गेल्या उन्हाळ्यातला एक, तात्यांच्याच जुन्या मालातला. दोन्हीत ५ लिटर पाणी, २७ अंश. काल संध्याकाळी सहाला भरून ओसरीवर ठेवले. रात्री दहाला अनूनं मोजलं. वहिनींचा २१. माझा २६. अनूनं दोनदा मोजलं, तिला वाटलं चुकलं.

वहिनींच्या माठाला हात लावला तर ओला. माझ्याला लावला तर कोरडा, कपासारखा.

गणित बसतं. एक ग्रॅम पाणी वाफ व्हायला जवळपास अडीच हजार ज्यूल लागतात, आणि माठ ती उष्णता आतल्या पाण्यातून घेतो. पाच लिटरमधलं नुसतं पन्नास मिलिलिटर, म्हणजे शंभरातला एक हिस्सा, बाहेर झिरपून उडालं तरी उरलेलं पाणी पावणेसहा अंशांनी उतरायला पुरेसं आहे. वहिनींचा माठ सहा उतरला. माझ्या माठातून काही बाहेरच येत नाही. तळाला मातीतलं लोह आणि बाकीचे क्षार वितळून छिद्रं बुजवून गेले. लिदीनं पाडलेल्या नळ्या मी जाळ घालून लिंपल्या.

मी साच्याच्या वाळूची हवा जाण्याची चाचणी रोज लावतो. दोन इंची ठोकळा, त्यातून २००० घनसेंटीमीटर हवा किती वेळात जाते ते बघायचं. जात नसेल तर ती वाळू टाकून देतात, कारण त्या साच्यातलं लोखंड फुगे घेऊन बाहेर येईल. पंधरा वर्षं मी पोरांना सांगतोय, घट्ट ठोकू नका, साच्याला श्वास हवा. घरी येऊन माठ गच्च केला.

१४ डिसेंबर

तात्यांशी आज बराच वेळ बोलणं झालं. नवरात्राच्या घटांवरून निघालं. मी म्हणालो, २०१९ ला ते भाजलेले असते तर वाचले असते. ते म्हणाले, वाचले असते, पण तुझ्यासारखे भाजले असते तर कुणी घेतले नसते. घट मातीवर बसवतात, भोवती धान्य पेरतात, घटात पाणी. ते पाणी बुडातून पाझरतं आणि धान्य वर येतं. घट पाझरला नाही तर नवव्या दिवशी धान हातभर कुठून येणार? बाई दुसऱ्या वर्षी दुसऱ्या कुंभाराकडं जाणार.

म्हणजे पाण्यात विरघळायला नको आणि पाझरायला तर हवा. मधली जागा मोठी नाही. पाचशे-सहाशे अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं, त्यानंतर ती पुन्हा चिखल होत नाही, कितीही पूर येवो. तिथून पुढं नऊशेपर्यंत जाईल तसं छिद्र बुजत जातं. आमचा शेणीचा आवा नेमका या दोहोंमध्ये जळतो. मला तो थंड वाटत होता.

मग गोरोबाकाकांची गोष्ट. आमच्या घरात ती जरा जास्तच सांगितली जाते. तेरला गोरोबांच्या घरी संतमंडळी जमली, मुक्ताबाईनं विचारलं यातलं कच्चं मडकं कुठलं, गोरोबांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारलं. सगळे गप्प, नामदेव तेवढे चिडले. म्हणून नामदेव कच्चे. मग ते विसोबा खेचरांकडं गेले.

तात्या म्हणाले, "म्या ल्हानपणापास्नं ऐकतूय. खरं सांगू का, थापटनं कशावर मारत्यात?"

कच्च्यावर, मी म्हणालो.

"मग? भाजल्यालं बगायचं तर बोटानं टिचकी मारत्यात. भाजल्याल्यावर थापटनं घातलं तर खापर हुईल. गोरोबाकाका कुंबार हुतं, त्येस्नी कळत न्हवतं व्हय? ज्येला आजून घडवायचाय त्येच्यावरच थापटनं पडतंय."

मी यावर काही बोललो नाही. गोष्टीचा असा अर्थ कीर्तनकार लावतील का माहीत नाही. चाकावर बसणाऱ्या माणसानं लावला आहे.

२१ डिसेंबर

दुसरा आवा, तात्यांच्या पद्धतीनं. मी हमाल.

बाकीच्या मालाची माती काकूनं परत भिजवून, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळून घेतली होती. ४०० सुगडं, ६ माठ.

ब्लोअर परत केला. जळण: शेणी १२०० रुपयांच्या, रानातलं उसाचं पाचट, तुरकाट्या, भुसा. पाचट इकडं लोक शिवारातच पेटवून देतात, सगळ्या गावावर काजळी पडते. आम्हाला दोघा शेतकऱ्यांनी "घेऊन जा, उपकार होतील" म्हणून दिलं. काकू उकिरड्यावरूनही दोन पाट्या सुकं शेण-गवत घेऊन आली. "कुंभाराची सून कधी ना कधी उकिरड्यावर येणारच" ही म्हण लोक टोमणा म्हणून वापरतात. आमच्याकडं ती कामाची यादी आहे.

रचना: खाली शेणींचा थर, त्यावर तुरकाट्या. मग माठ पालथे, मधल्या जागेत सुगडं एकात एक न घालता, एकावर एक, तोंडाला तोंड. फटीत भुसा. वर पुन्हा शेणी. सगळ्यावर जुनी खापरं कौलासारखी, त्यावर पाचट आणि सगळ्यात वर पातळ चिखलाचा हात. वरच्या चिखलात बोटानं सात भोकं. पेटवणं एकाच बाजूनं, वाऱ्याच्या उलट, आणि तेसुद्धा निखाऱ्यानं.

संध्याकाळी सातला निखारा घातला. दोन तास काहीच नाही, नुसता पांढरा दमट धूर, स्वयंपाकघरातल्यासारखा. तात्या भोकावर हात धरून बघायचे. तळहात ओला होतोय तोवर भोकं वाढवायची नाहीत. साडेदहाला तळहात कोरडा आला. मग अजून तीन भोकं. धूर काळवंडला, मग निळसर झाला, आणि बाराच्या पुढं जवळजवळ दिसेनासा. भोकातून आत बघितलं तर सगळं एका रंगाचं, भांडं कुठलं आणि निखारा कुठला कळत नव्हतं. तात्या म्हणाले, "आता झोप."

एकही फटाका वाजला नाही.

२३ डिसेंबर

दीड दिवस निवू दिला. सुगडांतली २९ गेली, ३७१ हाती. माठ सहातले पाच.

ॲल्युमिनियम सगळीकडं वितळलंय. मीठ फक्त मध्यावर. पितळ कुठंच नाही. म्हणजे कडेला सातशेच्या आसपास, मध्यावर आठशेच्या जरा पुढं. ब्लोअरविना, यंत्राविना, तळहातावर. एका कोपऱ्यात चिखल जाड बसला होता, तिथली वीसेक सुगडं काळी आली. हवा पोचली नाही, त्यामुळं मातीतलं लोह तांबडं झालं नाही आणि धूर अंगात मुरला. गिऱ्हाइकांत काळ्या सुगडाचीही माणसं आहेत, ती वेगळी ठेवली.

भिजवण्याची चाचणी, अनूच्या किराणा दुकानवाल्या मैत्रिणीच्या वजनकाट्यावर: कोरडं सुगड, मग रात्रभर पाण्यात, मग पुसून वजन. पहिल्या आव्याच्या तळातलं शंभराला सहा ग्रॅम पाणी प्यालं. आजचं पंधरा.

२७ डिसेंबर

रात्री अकराला दार वाजलं. वरच्या गल्लीतलं एक म्हातारं माणूस गेलं होतं, मडकं हवं होतं. तात्यांनी उठून नव्या मालातलं एक मोठं सुगड दिलं. पैशांचं तात्या काढत नाहीत, नेणारेही विचारत नाहीत. पुढं बारा-तेरा दिवस झाले की घरचं कुणीतरी आणून ठेवतं.

सकाळी अनूनं विचारलं, ते फोडतात का. हो. मग कशाला भाजायचं? मी तिला इनामगावचं सांगितलं, पुणे जिल्ह्यातलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली लहान मुलं पुरलेली सापडली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून, मध्ये मूल. त्या दिवशी आपण आव्यात सुगडं रचली ना, तशी. ती मडकी अजून आहेत. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "घरातच?" घरातच.

हे मडकं हिशेबात धरलेलं नाही.

४ जानेवारी २०२६

तिसरा आवा, लहान. ८० सुगडं. ६ फुटली. एकूण ५७ + ३७१ + ७४ = ५०२. त्या रात्री दिलेलं मडकं वजा नाही, वर लिहिलंय.

रचलं मी, पेटवलं मी. तात्या खाटेवर होते, पण या वेळी तोंड आव्याकडं.

१० ते १३ जानेवारी

मिरजेत लक्ष्मी मार्केटजवळ बसलो, काकू आणि मी. पाचाचा जोड ६० रुपये. टेंपो ५००.

शेजारी रंगवलेली, टिकल्या लावलेली सुगडं घेऊन एक पोरगा होता. त्याची आमच्या तिप्पट वेगानं खपली. वाईट वाटलं नाही म्हणणं खोटं होईल. पण वयस्क बायका आमच्याकडं यायच्या आणि एकेक उचलून टिचकी मारायच्या. एक आजी तर पाच निवडायला वीस वाजवून बघत होत्या. पहिल्या आव्यातलं घंटेच्या आवाजाचं मी मुद्दाम पुढं केलं. वाजवलं, परत ठेवलं, दुसरं घेतलं. "ह्यो आवाज भांड्याचा न्हाई, चिनीचा हाय," म्हणाल्या. त्यात ऊस, गाजर, बोरं, हरभऱ्याचे घाटे आणि ओंब्या भरायच्या, आठवड्यात सगळं तुळशीपाशी जायचं. कडक कशाला?

८८ जोड गेले. ५२८० रुपये. खर्च माती १५००, शेणी १२००, लाकूड ९००, टेंपो ५००, म्हणजे ४१००. उरले ११८०. तीन माणसं, अडीच महिने. लाकडाचे ९०० माझ्या अकलेचे.

सात जोड गल्लीत दिले, पाच घरात.

८ फेब्रुवारी

नव्या पाच माठांपैकी चार सांगून ठेवलेत, उन्हाळ्याच्या आधीच. पाचवा आमच्या ओसरीवर. पहिल्या दिवसाचं पाणी ओतून दिलं, मातीचा वास होता. तिसऱ्या दिवसापासून अंग भिजायला लागलं. काल रात्री २८ वरून २१. वहिनींचा जुना माठ आता २४ च्या खाली जात नाही. बोअरच्या पाण्याचा पांढरा खार बाहेर बसलाय, छिद्रं बुजत चाललीत. त्यांना नवा हवाच आहे.

माझे ते दोन कडक माठ पायरीखाली पडून होते. एकात अनूनं गोट्या ठेवल्या. दुसरा काकूनं परवा उचलला, पालथा करून टिचकी मारली, परत टिचकी मारली, धुतला आणि आत नेला. आज बघितलं तर त्यात मीठ लावलेली चिंच, वर्षाची, गळ्यापर्यंत दाबून.

साध्या माठात मीठ ठेवता येत नाही. ते ओल धरून भिंतीत शिरतं, बाहेर खार फुटतो आणि वर्षात माठाचे पापुद्रे निघतात. चिनी मातीची बरणी लागते, ती गेल्या पुरात फुटली होती.

"ह्येच्यातनं काय भाईर येत न्हाई," काकू म्हणाली. "आसलं आजून एक करता येतंय का बग."

बाहेरच्या अंगाला हात फिरवला. कोरडं आहे. तारीख टाकून ठेवतो, पावसाळ्यात परत बघायचं. बेंदराच्या बैलांची माती मेमध्ये भिजत घालायची आहे, दोनदा गाळून.